चेन्नईच्या मार्गळीत गाणं ऐकायला जाताना

पुण्यात सवाईचा मांडव उतरतो त्या सुमारास चेन्नईत कर्नाटक संगीताचा हंगाम तापायला लागलेला असतो. तिथे एकच एक मांडव नसतो. शहरभर पसरलेल्या सभागृहांत सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत कुठे ना कुठे गाणं चालू असतं, आणि हे महिनाभर चालतं. तमिळ मार्गळी महिना साधारण १६ डिसेंबरला लागतो आणि पोंगलच्या आदल्या दिवशी संपतो. या महिन्यात लग्नं-मुंजी नसतात, त्यामुळे घरातली माणसं मोकळी, गायक मोकळे आणि हॉलही मोकळे.

पहिल्या वर्षी मी हौसेने तक्ता केला होता. दिवसाला चार सभा (सभा म्हणजे मैफली भरवणारी संस्था, आणि तिचं सभागृहही), टी. नगर ते मैलापूर ते पॅरीस कॉर्नर. परिणाम असा, की एका दिवसात दोन मंगलम्, म्हणजे मैफलीची अगदी शेवटची पदं, ऐकली, एक मृदंगवादन दारात उभं राहून ऐकलं आणि बाकी सगळा वेळ रिक्षात गेला. म्हणून आधीच सांगतो: एक पेठ धरा, तिथून हलू नका आणि मैफलींची सुरुवात दुपारच्या गाण्याने करा. बाकीचं सगळं या एका गोष्टीभोवती बसवलंय.

कधी जायचं

१९२७ साली मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्याला जोडून संगीत परिषद भरली आणि त्यातून १९२८ मध्ये म्युझिक अकादमी उभी राहिली. आज हंगामाचा कणा तीच आहे. अकादमीचा महोत्सव साधारण १५ डिसेंबर ते १ जानेवारी असतो आणि त्यानंतर, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, तिथेच नृत्यमहोत्सव भरतो. इतर सभा आगेमागे सुरू होतात. भारतीय विद्या भवन तर बरंच आधी.

पाच-सहा दिवसांची रजा मिळत असेल तर २० ते २८ डिसेंबर हा पट्टा घ्या. सगळ्या सभा चालू असतात आणि मोठी नावं वेगवेगळ्या मंचांवर दोन-तीनदा तरी येऊन जातात, त्यामुळे एक मैफल चुकली तरी जीव हळहळत नाही. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जायचं टाळा. ईशान्य मोसमी पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली वादळं तेव्हा जागी असतात. २०१६ चं वरदा १२ डिसेंबरला आलं, २०२३ चं मिचौंग महिन्याच्या सुरुवातीलाच. विसाव्या तारखेनंतर हवा छान असते. आपल्याकडच्या फेब्रुवारीसारखी म्हणा.

राहायची सोय ऑक्टोबरातच करा. अमेरिकेतली आणि सिंगापूरची मंडळी खास या महिन्यासाठी येतात आणि मैलापूरमधल्या बऱ्या खोल्या आधी तीच अडवतात.

कुठे उतरायचं

मैलापूर, अलवारपेट नाही तर रॉयापेट्टा. चौथं नाव सुचवतच नाही. म्युझिक अकादमी आणि नारद गान सभा दोन्ही टीटीके रोडवर, एकमेकींपासून रिक्षाने पाच-सात मिनिटांवर. विद्या भवन कपालीश्वर मंदिरापाशी ईस्ट माडा स्ट्रीटवर. रसिक रंजनी सभा लझ कॉर्नरजवळ. मैलापूर फाइन आर्ट्स क्लब ज्या रस्त्यावर आहे त्याला मुसिरी सुब्रमण्यम् या गायकाचं नाव आहे. एवढ्या टापूत आठवडा आरामात जातो.

टी. नगरमध्ये वाणी महाल आणि कृष्ण गान सभा आहेत. त्यांतल्या कृष्ण गान सभेत नाचाचं मोठं काम चालतं, तेव्हा भरतनाट्यम् बघायचं असेल तर एक दिवस तिकडे ठेवा. फक्त त्या दिवशी तिकडेच राहा. डिसेंबरात टी. नगर म्हणजे दिवाळीतला लक्ष्मी रोड.

विमानतळावरून मेट्रोची निळी मार्गिका धरा, तेनामपेट किंवा एजी-डीएमएसला उतरा, पुढे रिक्षा. मैलापूरला लोकलसारखी गाडीही आहे, तिला तिथे एमआरटीएस म्हणतात. लझपाशी जायला तिरुमयिलै स्टेशन. नव्या मेट्रो मार्गासाठी लझच्या आसपास बरंच खोदकाम झालंय, वाहतूक वळवलेली असते. नकाशात दहा मिनिटं दिसली तर पंचवीस धरा.

तिकिटं

याची लोक उगाच धास्ती घेतात. दिवसाच्या कार्यक्रमाची उतरंड नीट समजली की धास्ती राहत नाही.

सभेत दिवसाला तीन-चार कच्चेरी होतात. (कच्चेरी म्हणजे मैफल. शब्द ऐकायला आपल्या कचेरीसारखा, पण इथे बाबू नसतात आणि काम होतं.) दुपारी बारा-एकपासूनचा वेळ नव्या, होतकरू मुलामुलींचा. त्याला बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं. चारच्या सुमारास मधल्या फळीतले, ज्यांचं नाव नुकतंच वर येतंय असे. साडेसहा-सातला ज्येष्ठ. पैसे मोजायचे ते मुख्यतः या शेवटच्या कच्चेरीसाठी.

मोठ्या सभेतल्या पुढच्या खुर्च्या सभासद आणि हंगामी तिकीटवाल्यांच्या. उरलेली तिकिटं ऑनलाइन किंवा त्या-त्या दिवशी खिडकीवर. अकादमीत मोठ्या नावाच्या दिवशी सकाळपासून रांग लागते. त्या रांगेत मी एकदा उभा राहिलोय आणि एकदा पुरे झालं. तोच गायक चार दिवसांनी छोट्या सभेत गाणार असतो, तिथे तिसऱ्या रांगेत जागा मिळते आणि चिठ्ठीवर फर्माईश लिहून पुढे सरकवली तर तो ती वाचतोही.

वेळापत्रकासाठी द हिंदू घ्या. हंगामात त्यात रोज कुठे काय आहे ते येतं. शिवाय प्रत्येक सभेची पुस्तिका दारात मिळते. रात्री झोपण्यापूर्वी दुसऱ्या दिवसाची दोन गाणी ठरवा. दोनच. तिसरं आपोआप कानावर पडतं.

एक दिवस कसा घालवायचा

पहाटे साडेपाचला उठून कपालीश्वर मंदिराभोवतीच्या चार माडा रस्त्यांवर या. हे चुकवलंत तर अर्धी मार्गळी चुकली. दारादारांत तांदळाच्या पिठीचे कोलम, म्हणजे रांगोळ्या, काढणं चालू असतं, काही ठिकाणी मधोमध शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचलेलं. देवळांतून आंडाळ या संत कवयित्रीची तिरुप्पावै ऐकू येते. पदं तीस, महिन्याचे दिवसही जवळपास तेवढेच, रोज एक. भजनी मंडळी गात प्रदक्षिणा घालतात. पापनाशम् शिवन हे वाग्गेयकार (पद आणि चाल दोन्ही रचणारे) याच रस्त्यांवर मार्गळीतलं भजन पुढे राहून चालवत. झांजांचा आवाज लांबून आला की पंढरीच्या वाटेची आठवण होते, पण पाय इथे सावकाश पडतात.

आठच्या सुमारास अकादमीत लेक-डेम असतो. लेक्चर-डेमॉन्स्ट्रेशनचं हे घरगुती रूप. एखादा विद्वान एका रागाची जुनी रूपं गाऊन दाखवतो, एखादी वीणावादक बोटं कुठे कशी ओढायची ते सांगते. प्रवेश मोफत. निम्मं डोक्यावरून जाईल. तरी जा. समोर बसलेले मोठमोठे गायक हात वर करून शंका विचारतात, ते बघायला मिळतं.

मग नाश्ता, खोलीवर जाऊन एक झोप, आणि दोनला पुन्हा हॉल.

दुपारच्या गाण्याबद्दल माझा आग्रह का, ते सांगतो. संध्याकाळी ज्येष्ठ गातात तेव्हा हॉलमध्ये हजार माणसं, मोठा आवाज, सगळं घोटून गुळगुळीत झालेलं. दुपारी वीस-बावीस वर्षांची मुलगी गात असते आणि हॉलमध्ये साठ माणसं. त्यातली दहा तिच्या घरची, पाच तिच्या गुरूंची आणि उरलेले ते खरे मुरलेले म्हातारे, जे तिकीट काढत नाहीत पण एकही दुपार चुकवत नाहीत. ती चुकायला घाबरते, व्हायोलिनवाला तिला सांभाळून घेतो, मृदंगम् वाजवणारा सम जवळ आली की किंचित मान हलवून तिला खूण करतो. गाण्याचं यंत्र आतून कसं चालतं ते तेव्हा दिसतं. संध्याकाळी फक्त घड्याळाची तबकडी दिसते.

चारचं गाणं झालं की कँटीन. साडेसहाला मोठी मैफल. नऊ-सव्वानऊला बाहेर. चेन्नई लवकर झोपतं. आपल्यासारखं रात्री अकरानंतर मिसळीवर तावातावाने वाद घालायची सोय नाही.

कान जुळवून घ्यायचे

ख्याल ऐकत वाढलेल्या माणसाला पहिल्या दिवशी वाटतं, ही माणसं घाईत आहेत. गाणं रंगतंय म्हणेपर्यंत संपतं आणि दुसरं सुरू. माझंही तसंच झालं. घोळ अपेक्षेत असतो. आपल्याकडे बंदिश म्हणजे खुंटी, राग तिच्यावर टांगायचा. तिकडे कृती, म्हणजे बांधलेली रचना, हेच घर. त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर, श्यामा शास्त्री या वाग्गेयकारांनी ते बांधून ठेवलंय आणि गायक आपल्याला खोली-खोलीने फिरवून आणतो.

क्रम बहुधा असा: सुरुवातीला वर्णम् (गळा तापवणारी रचना), मग गणपतीची एखादी छोटी कृती, मग दोन-तीन मध्यम रचना. त्यानंतर मुख्य राग. त्यात आधी तालाशिवाय आलापना, ती गायकाने केली की तेवढीच व्हायोलिनवाला आपल्या परीने करतो. आपल्या हार्मोनियमवाल्यासारखा तो फक्त मागोमाग येत नाही, त्याला स्वतःची पाळी असते. मग कृती, तिच्यातल्या एका ओळीवर निरवल, म्हणजे तीच ओळ नाना तऱ्हांनी फिरवणं, मग कल्पनास्वर, म्हणजे ऐनवेळी सुचलेली सरगम. शेवटी मृदंगम् आणि असेल तर घटम्, कंजिरा या तालवाद्यांचं तनि आवर्तनम्, म्हणजे त्यांची सोलो. कधी मुख्य कृतीऐवजी रागम् तानम् पल्लवी असते, म्हणजे राग, तान आणि एकाच ओळीचा लांबवर विस्तार. ती मिळाली तर नशीब समजा. मग तुक्कडे, म्हणजे हलक्याफुलक्या रचना, आणि मंगलम्. या साच्याचं श्रेय अरियकुडी रामानुज अय्यंगार या गायकाला देतात.

आता हात पुढे करा. आदि ताल शिकायला दोन मिनिटं लागतात आणि तो आला की पुढचे सगळे दिवस बदलतात. उजवा तळहात मांडीवर एकदा मारा, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट एकेक करून टेकवा. चार झाले. मग एक टाळी आणि हात उलटा, पुन्हा टाळी आणि हात उलटा. एकूण आठ. अख्खा हॉल हेच करत असतो, त्यामुळे चुकलात तर शेजाऱ्याच्या मांडीकडे बघून पुन्हा गाडी पकडता येते. दोन गोष्टी लक्षात ठेवा. गाण्याचा उठाव पहिल्या मात्रेवरच असेल असं नाही. तो थोडा पुढे सरकलेला असतो आणि सगळे हिशेब फिरून त्याच जागी येतात. दुसरं, नावांना फसू नका. तिकडचा रूपक आपला सात मात्रांचा रूपक नव्हे. साताची चाल हवी असेल तर मिश्र चापू ऐका.

रागांच्या नावांची तर गंमतच आहे. एका दुपारी शेजारच्या मामींना मी कौतुकाने म्हटलं, "मालकंस!" त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं आणि वहीत लिहिलेलं दाखवलं: हिंदोळम्. मध्यंतरात त्यांनीच मला आणखी चार सांगितले. मोहनम् म्हणजे आपला भूप. कल्याणी म्हणजे यमनचं घर. शुद्ध सावेरी ऐकला की दुर्गा आठवतो. मायामाळवगौळ म्हणजे भैरवचे सूर. तिकडे लहान मुलांना पहिले पाठ यातच देतात. उलट तोडी आली म्हणून सावरून बसाल तर सूर निघतील आपल्या भैरवीचे, आणि त्यांची भैरवी तिसरंच काही असते. हे सूर सारखे असले तरी गमक निराळे; स्वर ते स्थिर धरत नाहीत, झुलवतात. पहिल्या दिवशी तो झुला खटकतो. तिसऱ्या दिवशी आपला सरळ स्वर थोडा बोडका वाटायला लागतो. घरी आलं की बरं वाटतं, काळजी नको.

वही न्यायला विसरू नका. राग ओळखता आला नाही तर हळूच "एन्न रागम्?" विचारा. वयस्कर बायकांना मामी, पुरुषांना मामा म्हटलेलं चालतं, उलट खुलतात. मात्र आलापना चालू असताना विचारू नका.

तुक्कड्यात अभंग आला की

मैफलीच्या शेवटी अचानक "विठ्ठल" कानावर पडेल आणि अंगावर काटा येईल. हे पाहुण्यांसाठी केलेलं नसतं. तंजावरवर १७ व्या शतकापासून भोसल्यांचं राज्य होतं, आणि त्यागराज, दीक्षितर, श्यामा शास्त्री हे तिघेही त्याच राजवटीत जन्मले. मराठी कीर्तनकार तिकडे गेले, तिथल्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग रुजले आणि भजन संप्रदायातून घरोघर पोचले. आजच्या मंचावर अभंग लोकप्रिय करण्यात गायिका अरुणा साईराम यांचा मोठा वाटा आहे. त्या मुंबईत वाढल्या. दुसऱ्या गायिका बॉम्बे जयश्री यांच्या नावातच मुंबई आहे. अकादमीचा २०२३ चा संगीत कलानिधी किताब त्यांना मिळाला.

उच्चार ऐकून हसू नका. "ळ" ते आपल्यापेक्षा स्वच्छ म्हणतात.

कँटीन

खरं तर हा मुख्य विषय. मोठ्या सभांच्या आवारात हंगामापुरतं कँटीन लागतं, ते कुणाचं आहे यावर शहरात जवळजवळ रागांइतकी चर्चा होते, आणि गाणं न ऐकता फक्त जेवायला येणारेही असतात. दुपारी केळीच्या पानावर जेवण, संध्याकाळी टिफिन. रवा डोसा, कीरै वडा, म्हणजे पालेभाजी घातलेला, मिळाला तर वाळैप्पू वडा, म्हणजे केळफुलाचा. गोडात काशी हलवा. हा कोहळ्याचा असतो, आणि अशोका हलवा, तो मूगडाळीचा. कॉफी डवरा-टंबलरमध्ये, म्हणजे वाटी-पेल्यात, येते. टंबलरला ओठ न लावता वरून ओतून पितात, पण आपण सदरा वाचवावा. सांबार संभाजीराजांच्या नावावरून आलं ही कथा मात्र तिथे काढू नका. माझ्या टेबलावर कुणी हसलंही नाही.

तनि आवर्तनम् सुरू झालं की निम्मा हॉल उठून कँटीनकडे जातो. ही खोड वर्षानुवर्षांची आहे आणि तालवाद्यवाले तिच्यावर वैतागलेले असतात. तुम्ही उठू नका. ज्याला तबल्याची सोलो समजते त्याला हे समजतं: दोन वादकांतली सवाल-जवाबाची चढाओढ, मग तीनदा येणारी कोरवै, आपल्या तिहाईची बहीण. हॉल रिकामा झाल्याने पुढे सरकायलाही मिळतं.

बारीकसारीक

शाल न्या. बाहेर अठ्ठावीस अंश असले तरी मोठ्या सभागृहांत एसी असा सोडतात की दात वाजतात. जुन्या, छोट्या सभांत उलट डास असतात, तेव्हा मलम खिशात. फोटो आणि ध्वनिमुद्रण बहुतेक ठिकाणी मना आहे. कपडे साधे, नीटनेटके. पण कांजीवरम् नेसायची हौस असेल तर याहून चांगली जागा नाही.

एक बाजू सांगायची राहू नये. सभांचा हा मंच मोठ्या प्रमाणात एकाच समाजाचा राहिला, यावर चेन्नईत उघड बोललं जातं. २०२० पासून याच महिन्यात 'मार्गळियिल मक्कळिसै' हा लोकसंगीताचा महोत्सव भरतो, त्यात परै हे चर्मवाद्य, चेन्नईच्या वस्त्यांतली 'गाना' गाणी आणि लोकगीतं असतात. तुमच्या दिवसांत आला तर एक संध्याकाळ तिकडे काढा. त्या ढोलानंतर दुसऱ्या दिवशीचा मृदंगम् वेगळा ऐकू येतो.

दोन दिवस जास्त असतील तर

रात्रीच्या गाडीने तंजावर गाठा. तिथून तेरा-एक किलोमीटरवर तिरुवैयारू, कावेरीकाठी त्यागराजांची समाधी. पुष्य वद्य पंचमीला, बहुधा जानेवारीत, तिथे शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांची पंचरत्नं, म्हणजे पाच प्रसिद्ध कृती, गातात. गर्दीची तयारी असेल तर ती तिथी साधा. नाही तर डिसेंबरात जा. घाटावर कुणी नसतं.

तंजावरात सरस्वती महालाचं ग्रंथालय आहे, मराठी हस्तलिखितांचा मोठा साठा असलेलं. आणि बृहदीश्वराच्या देवळात नैऋत्य बाजूच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, मराठीत. देऊळ दुपारी बंद असतं आणि फरशी अनवाणी पायांना चटके देते, म्हणून सकाळी लवकर जा. लेख लांबलचक आहे. निवांत वाचायला तासभर ठेवा.